वाचकांचे प्रश्न : मळ्यातले घर आणि बिनतारी इंटरनेट

नाशिक जिल्ह्यातील वाचकांनी घरगुती बिनतारी इंटरनेटविषयी पाठवलेली पत्रे एवढी साठली आहेत की, या अंकातील संपूर्ण स्तंभ त्याच विषयाला द्यावा असे ठरवले. द्राक्षपट्ट्यातील मळ्यांत राहणाऱ्यांच्या अडचणी पैशांच्या आणि डेटाच्या मर्यादेच्या आहेत, तर पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांतील वाचकांचा मूळ प्रश्न रेंज मिळण्याचाच आहे. पत्रलेखकांची नावे न देता केवळ व्यवसायाचा आणि तालुक्याचा उल्लेख केला आहे आणि पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमचे घर गावठाणापासून दीड किलोमीटरवर मळ्यात आहे. केबलवाला एका घरासाठी एवढ्या लांब तार ओढायला तयार नाही. जाहिरातीत महिना ५९९ रुपयांचा आकडा दिसतो, पण गावात आलेला कंपनीचा प्रतिनिधी एकदम साडेआठ हजारांची गोष्ट करतो. मुलीचा अभ्यास, शेतीचे व्यवहार आणि घरचा टीव्ही एवढीच आमची गरज आहे. खरा खर्च किती धरावा? (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

उत्तर : प्रतिनिधीने सांगितलेल्या रकमेत लबाडी आहे असे समजण्याचे कारण नाही, मात्र ती रक्कम कशी झाली हे त्याने उलगडून सांगायला हवे होते. जाहिरातीतील दरात वस्तू व सेवा कर धरलेला नसतो. तो १८ टक्के आहे. त्यामुळे ५९९ रुपयांची योजना प्रत्यक्षात महिना सुमारे ७०७ रुपयांना पडते आणि वर्षाचे एकत्र पैसे भरल्यास ही रक्कम ८,४८२ रुपयांच्या घरात जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओने एअरफायबर ही घरगुती बिनतारी सेवा सुरू केली, तेव्हा ५९९ रुपयांत ३० एमबीपीएस (म्हणजे सेकंदाला ३० मेगाबिट) आणि ८९९ रुपयांत १०० एमबीपीएस असे दर जाहीर केले होते, शिवाय जोडणीचे १,००० रुपये होते आणि वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांना ते माफ होते. एअरटेलनेही त्याच सुमारास १०० एमबीपीएसची योजना महिना ७९९ रुपये दराने, पण सहा महिन्यांच्या आगाऊ रकमेवर आणली. त्यानंतर योजना बदलत गेल्या आहेत आणि पुढेही बदलतील, म्हणून आपल्या पिनकोडला आज लागू असलेला दर कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहूनच पैसे भरावेत. कर वेगळा, जोडणीशुल्क वेगळे आणि आगाऊ भरण्याची सक्ती वेगळी, ही रचना मात्र कायम राहिलेली आहे.

आपल्याला माझा स्पष्ट सल्ला असा की, वर्षभराचे पैसे भरून जोडणीचे हजार रुपये वाचवण्यापेक्षा ते हजार रुपये देऊन महिन्याची किंवा जी सर्वांत कमी मुदतीची योजना मिळेल ती घ्यावी. बिनतारी सेवा आपल्या घरी नेमकी कशी चालेल, हे आपल्या छतावर टॉवरच्या लहरी पकडणारी पेटी बसल्याशिवाय कोणालाही खात्रीने सांगता येत नाही, अगदी प्रतिनिधीलाही नाही. एका महिन्याच्या अनुभवानंतर वर्षाचे पैसे भरण्यास कोणी अडवत नाही, उलट आधी भरलेले पैसे परत मिळवताना ग्राहकाची फार दमछाक होते, हे याच स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांतून वारंवार दिसते.

या रकमेत काही गोष्टी धरलेल्या नसतात. घर पत्र्याचे असेल, किंवा समोर आंब्या-जांभळाची उंच झाडे असतील, तर पेटी उंचावर बसवण्यासाठी लोखंडी पाइप उभा करावा लागतो आणि बहुतेक वेळा तो खर्च ग्राहकाकडे येतो. राऊटर लाइट गेल्यावर चालू ठेवायचा असेल तर त्याचीही सोय वेगळी करावी लागते. पेटी आणि राऊटर सामान्यतः कंपनीच्या मालकीचे असतात, त्यामुळे सेवा बंद करताना ते परत केल्याची पोच घेणे विसरू नये.

खर्चाची दुसरी बाजू मात्र क्वचितच कोणी मोजते. जुलै २०२४ मधील दरवाढीनंतर दिवसाला २ जीबी देणारा २८ दिवसांचा मोबाइल पॅक साडेतीनशे रुपयांच्या आसपास गेला, आणि २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात बारा नव्हे तर तेरा रिचार्ज करावे लागतात, म्हणजे एका फोनचे वर्षाला सुमारे साडेचार हजार रुपये होतात. घरात असे चार फोन असतील आणि त्यांतील दोन फोन दिवसभर घरीच असणाऱ्या वडीलधाऱ्यांचे असतील, तर त्या दोन फोनना डेटाची गरज उरत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या (ट्राय) आदेशामुळे जानेवारी २०२५ पासून कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएसचे पॅक उपलब्ध करून द्यावे लागले आहेत आणि ते बरेच स्वस्त पडतात. घरात वाय-फाय आल्यावर हे फोन अशा पॅकवर नेले, तर नव्या जोडणीच्या खर्चाचा मोठा भाग तिथेच भरून निघतो. ही आकडेमोड न करता केवळ ‘महिना सातशे रुपये वाढले’ असे धरले, तर ही सेवा आहे त्यापेक्षा महाग वाटते.

प्रश्न : आमच्या घरी चारच माणसे आहेत. योजनेत महिना १००० जीबी डेटा आहे, तरी दर महिन्याला वीस तारखेच्या सुमारास तो संपतो आणि पुढचे दहा दिवस व्हॉट्सॲपवरचा फोटोसुद्धा उघडत नाही. कंपनी आमचा डेटा चुकीचा मोजते आहे का? कांदाचाळ आणि ट्रॅक्टरच्या शेडवर आम्ही तीन कॅमेरे बसवले आहेत, बाकी काही विशेष वापर नाही. (शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : आपण ज्याला ‘विशेष नाही’ म्हणता, त्या तीन कॅमेऱ्यांतच उत्तर आहे. कॅमेरा जर चोवीस तास चित्रण करून ते इंटरनेटवरून कंपनीच्या साठवणीत पाठवत असेल आणि त्यासाठी फक्त १ एमबीपीएस वेग वापरत असेल, तरी एका दिवसाचे ८६,४०० सेकंद आणि आठ बिटचा एक बाइट धरता तो १०.८ जीबी डेटा खर्च करतो. तीन कॅमेऱ्यांचे दिवसाला ३२ जीबीहून अधिक होतात. टीव्हीवर एचडी दर्जाचे चित्र पाहिल्यास तासाला ३ जीबीपर्यंत डेटा जातो, म्हणजे संध्याकाळच्या चार तासांचे १२ जीबी. त्यात चौघांच्या फोनचे मिळून ५ जीबी धरले की दिवसाचा आकडा ५० जीबीच्या जवळ पोहोचतो आणि १००० जीबी बरोबर विसाव्या दिवशी संपतात. डेटा घरी येणारा असो की घरातून जाणारा, सामान्यतः दोन्ही एकाच मर्यादेतून वजा होतात, त्यामुळे कॅमेऱ्याचा खर्च डोळ्यांना दिसत नसला तरी मीटरवर पडतच असतो.

यावर उपाय सोपा आहे. कॅमेऱ्यात मेमरी कार्ड घालावे किंवा घरात रेकॉर्डर ठेवावा, सततचे चित्रण तिथेच साठवावे, आणि हालचाल झाली तरच इंटरनेटवरून सूचना यावी अशी मांडणी करावी. आपण फोनवर चाळ पाहण्यासाठी ॲप उघडाल तेवढ्या वेळेपुरताच मग डेटा जाईल. कॅमेरे बसवून देणारा मेकॅनिक हे अर्ध्या तासात करून देऊ शकतो. बदल केल्यावर कंपनीच्या ॲपमध्ये रोजचा वापर चार-पाच दिवस तपासावा, आणि आकडा निम्म्याहून खाली आला नाही तरच मोजणीबद्दल तक्रार करावी.

मर्यादा संपल्यावर काय होते, हे योजना घेतानाच विचारले पाहिजे, कारण या बाबतीत योजना-योजनांत फार मोठा फरक आहे. काही योजनांत वेग २ एमबीपीएसवर येतो. त्यावर निरोप, बँकेचे व्यवहार, सातबारा उतरवून घेणे ही कामे धीम्या गतीने का होईना, होतात. काही योजनांत तो ६४ केबीपीएसवर येतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, त्या वेगाने २ एमबीचा एक फोटो यायला चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. याला कोणी चालू सेवा म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. १०० एमबीपीएस आणि १००० जीबी हे दोन आकडे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतात, पण महिनाअखेरीस कुटुंबाचे दिवस कसे जातील हे बारीक अक्षरांतला तिसरा आकडा ठरवतो. तुलनेसाठी सांगतो, फायबरच्या तारेवरील ‘अमर्याद’ योजनांत ही मर्यादा बहुधा ३३०० जीबीच्या आसपास असते. हवेतील लहरी सर्वांना वाटून घ्याव्या लागतात, म्हणून बिनतारी सेवेत ती एवढी कमी ठेवलेली असते.

प्रश्न : आमच्या पाड्यावरून टॉवर दिसत नाही, पण टेकडीवर गेले की फोनला पूर्ण रेंज येते. प्रतिनिधी म्हणतो, पेटी बसवली की घरातही चालेल. पावसाळ्यात मात्र शेजारच्या गावातील अशा जोडण्या दिवसदिवस बंद असतात, असे ऐकले. आम्ही पैसे गुंतवावेत का? उपग्रहावरून येणारे इंटरनेट आमच्यासाठी योग्य ठरेल का? (शिक्षक, पेठ तालुका)

उत्तर : सर, आपल्या भागात घाईने पैसे भरू नयेत, असेच मी सांगेन. यामागची कारणे थोडी सविस्तर लिहितो, म्हणजे प्रतिनिधीला नेमके प्रश्न विचारता येतील.

एकाच नावाखाली दोन वेगवेगळ्या मार्गांनी ही सेवा घरी येते. पहिला मार्ग फाइव्हजी मोबाइल टॉवरचा. त्यासाठी देशात मुख्यतः ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी वापरल्या जातात. त्यांतून भरपूर डेटा जातो, पण त्या डोंगराला वळसा घालून फारशा पलीकडे उतरत नाहीत. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक लांब आणि आडोशापलीकडेही पोहोचतात, मात्र त्यांची डेटा वाहण्याची क्षमता कमी असते. म्हणून फोनवर फाइव्हजीचे चिन्ह दिसते, पण घरगुती जोडणीला पुरेल असा वेग मिळत नाही, असे डोंगराळ भागात घडते. दुसरा मार्ग परवानामुक्त ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील रेडिओचा. हा पट्टा २०१८ साली मोठ्या प्रमाणात परवानामुक्त झाला, आणि खासगी कंपन्यांप्रमाणेच बीएसएनएलचे स्थानिक भागीदारही त्यावर ग्रामीण जोडण्या देतात. यात टॉवरवरचा रेडिओ आणि आपल्या छतावरची छोटी डिश यांची थेट नजरानजर व्हावी लागते.

केवळ टॉवरचे टोक दिसले म्हणजे नजरानजर झाली, असेही नाही. लहरी दोरीसारख्या सरळ रेषेत जात नाहीत, मध्यावर त्या फुगतात आणि त्या फुगवट्याइतकी मोकळी जागा त्यांना लागते. चार किलोमीटरच्या अंतरावर या पट्ट्यात तो फुगवटा मध्यभागी रेषेच्या चारही बाजूंना सुमारे ७ मीटरचा असतो आणि त्याचा निम्म्याहून अधिक भाग मोकळा असावा लागतो. उन्हाळ्यात पानगळ झालेल्या सागाच्या रानावरून उत्तम चालणारी जोडणी पहिल्या पावसानंतर पालवी फुटली की मंदावते, याचे कारण ओली पाने या लहरी शोषून घेतात. तेव्हा चाचणी मे महिन्यात घेतली असेल, तर तिच्यावर विसंबून राहू नये.

पावसाबद्दल आपण जे ऐकले ते खरे आहे, पण दोष बहुधा आपल्या छतावरच्या पेटीचा नसतो. ३.५ किंवा ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना पावसाच्या थेंबांनी फारसा फरक पडत नाही. डोंगराळ भागातील अनेक टॉवरपर्यंत फायबर पोहोचलेले नसते. ते टॉवर एकमेकांना मायक्रोवेव्ह डिशने जोडलेले असतात, आणि त्या डिश बहुतेक वेळा १० गिगाहर्ट्झहून वरच्या लहरींवर चालतात. मुसळधार पावसाचा फटका त्या लहरींना बसतो. पेठ, सुरगाणा, इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात जुलै-ऑगस्टमध्ये कोसळणारा पाऊस पाहता, टॉवरचाच मागचा दुवा क्षीण झाला तर घरातील पेटी पूर्ण रेंज दाखवूनही काही उघडत नाही. म्हणून प्रतिनिधीला एकच प्रश्न अवश्य विचारावा : आमच्या पाड्याला सेवा देणारा टॉवर फायबरवर आहे की मायक्रोवेव्हवर? त्याला माहीत नसेल तर कंपनीच्या तंत्रज्ञाला विचारून सांगण्यास म्हणावे. शिवाय ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांना तंत्रज्ञानानुसार रेंजचे नकाशे आपल्या संकेतस्थळांवर प्रसिद्ध करावे लागतात. त्यावर आपला पाडा पाहून घ्यावा, मात्र नकाशातला रंग टेकडीमागच्या घराची हमी देत नाही.

उपग्रह सेवेला टेकडीची अडचण नसते, डोक्यावरचे आकाश मोकळे असले की झाले. जुन्या पद्धतीचे भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे तिथे संदेश जाऊन उत्तर येण्यात अर्धा सेकंद जातो आणि बोलताना एकमेकांचे शब्द आदळतात. स्टारलिंकसारखे खालच्या कक्षेतील उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर असल्याने तो उशीर जवळजवळ जाणवत नाही. स्टारलिंकला भारतात दूरसंचार विभागाचा परवाना जून २०२५ मध्ये मिळाला. पण या सेवेत बहुधा डिश विकत घ्यावी लागते आणि मासिक शुल्कही अनेक देशांत टॉवरवरच्या सेवेपेक्षा चढेच राहिले आहे. एका घरापेक्षा शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि ग्रामपंचायत यांनी मिळून अशी एक जोडणी घेणे मला अधिक व्यवहार्य वाटते. आपण शिक्षक आहात, तेव्हा हा विषय ग्रामसभेत आपणच मांडू शकाल.

प्रश्न : लाइट गेल्यावर इन्व्हर्टर असूनही इंटरनेट बंद पडते. असे का? (गृहिणी, चांदवड तालुका)

उत्तर : दोन शक्यता आहेत. छतावरच्या पेटीला वीज राऊटरमधून नव्हे, तर एका वेगळ्या अडॅप्टरमधून, डेटा खाली येतो त्याच केबलवाटे जाते. तो अडॅप्टर इन्व्हर्टरच्या बोर्डाऐवजी साध्या बोर्डावर लावलेला असेल तर राऊटरचे दिवे चालू राहतात आणि इंटरनेट जाते. राऊटरसाठी बाजारात मिळणारा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस या अडॅप्टरच्या जागी लावू नये, कारण पेटीला बहुधा वेगळा व्होल्टेज लागतो, तो अडॅप्टरवर लिहिलेला असतो. दुसरी शक्यता अशी की, लाइट टॉवरचीही गेलेली असते आणि काही तासांनी त्याच्या बॅटऱ्या उतरतात. तिथे आपला इन्व्हर्टर काही करू शकत नाही. अवकाळीच्या दिवसांत वीज कडाडू लागली की अडॅप्टर बोर्डातून काढून ठेवावा आणि पेटीच्या लोखंडी पाइपला अर्थिंग करून घ्यावे, कारण छतावरून खाली येणारी ती केबल विजेच्या धक्क्याला सरळ घरात वाट देते.

प्रश्न : मी पुण्यातील एका कंपनीचे काम गावातील घरातून करतो. सकाळी ८०-९० एमबीपीएस वेग दिसतो, रात्री आठनंतर तो १०-१२ वर येतो. परदेशातील सहकाऱ्यांबरोबरच्या बैठका रात्रीच असतात आणि माझा आवाज त्यांना तुटक ऐकू येतो. अधिक महाग योजना घेतल्यास फरक पडेल का? (संगणक अभियंता, सिन्नर तालुका)

उत्तर : पडण्याची शक्यता फार कमी आहे, म्हणून ते पैसे वाचवावेत. टॉवरची एका दिशेची क्षमता त्या दिशेच्या सर्व ग्राहकांत वाटली जाते, त्यांत मोबाइलवाले आले आणि घरगुती जोडणीवालेही आले. पालखेड कालव्याला आवर्तन सुटले की वरच्या चाऱ्यांनी पाणी घेतल्यावर शेपटाकडील शेतात काय पोहोचते, हे निफाड-येवल्याच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, रात्री आठ ते अकरा या वेळेत टॉवरवर तसेच घडते. महागड्या योजनेने आपली कमाल मर्यादा वाढते, टॉवरची क्षमता वाढत नाही. जाहिरातीतला वेग हा नेहमी कमाल असतो. किमान म्हणावे तर सरकारी व्याख्येनुसार जानेवारी २०२३ पासून २ एमबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले जाते, त्याआधी ती रेषा ५१२ केबीपीएसवर होती.

आपल्या पत्रातील खरी गोष्ट मात्र वेगळी आहे. रात्रीचे १०-१२ एमबीपीएससुद्धा एका व्हिडिओ बैठकीला पुरेसे आहेत, कारण तिला दोन्ही दिशांनी साधारण ३ ते ४ एमबीपीएस लागतात. तरीही आवाज तुटतो, याचा अर्थ अडचण डाउनलोडमध्ये नसून अपलोडमध्ये किंवा संदेशाला लागणाऱ्या उशिरात आहे. फाइव्हजीच्या या पट्ट्यात एकच लहर आळीपाळीने खाली डेटा आणते आणि वर नेते, आणि त्यातला बहुतेक वेळ खाली आणण्यासाठी राखलेला असतो, कारण बहुसंख्य लोक पाहतात जास्त आणि पाठवतात कमी. त्यामुळे अपलोड मुळातच डाउनलोडच्या काही अंशाइतके असते आणि गर्दीच्या वेळी आधी तेच कोलमडते. फायबरच्या तारेवर दोन्ही वेग बहुधा समान देता येतात. घरून नोकरी करणाऱ्याने तार शक्य असेल तिथे तारच घ्यावी असे मी आग्रहाने म्हणतो, त्याचे मुख्य कारण हेच आहे.

तोवर करण्यासारख्या गोष्टी अशा. चाचणी सकाळी नव्हे तर रात्री नऊ वाजता घ्यावी, संगणक राऊटरला केबलने जोडून घ्यावी, म्हणजे घरातल्या वाय-फायचा दोष वेगळा काढता येईल, आणि डाउनलोडच्या आकड्याखाली लिहिलेले अपलोड व मिलिसेकंदांतील उशीर हे दोन आकडे टिपून ठेवावेत. ट्रायचे मायस्पीड ॲप यासाठी वापरता येते. उशीर १०० मिलिसेकंदांच्या वर वारंवार जात असेल तर बैठकीत आपले चित्र बंद ठेवून फक्त आवाज पाठवावा. पेटीची दिशा बदलून दुसऱ्या टॉवरवर घेता येते का, हेही तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे, सिन्नरच्या मोकळ्या माळरानावर एकाहून अधिक टॉवर आवाक्यात असणे शक्य आहे. नोकरी याच जोडणीवर अवलंबून असेल, तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवर थोडा डेटा राखून ठेवावा.

प्रश्न : सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरले. दुसऱ्याच महिन्यापासून सेवा निम्मे दिवस बंद असते. ग्राहक सेवेवर फोन केला की ‘तक्रार नोंदवली’ एवढेच सांगतात आणि दोन दिवसांनी ती परस्पर बंद करतात. आता कोणाकडे जायचे? (दुकानदार, बागलाण तालुका)

उत्तर : प्रत्येक तक्रारीचा डॉकेट (नोंदणी) क्रमांक मागून घ्यावा आणि तो एसएमएस जपून ठेवावा. क्रमांक नसलेली तक्रार पुढे कुठेही टिकत नाही. तक्रारीचे निवारण झाले नाही किंवा ती परस्पर बंद केली, तर २०१२ च्या दूरसंचार ग्राहक तक्रार निवारण नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येते. त्याला शुल्क नाही, आणि त्यावर ३९ दिवसांत निर्णय व्हावा अशी तरतूद आहे. अनेक ग्राहक थेट ट्रायला पत्र लिहितात. ट्राय नियम करते, पण व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करत नाही, त्यामुळे त्यात वेळ जातो.

अपिलानेही काम झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि त्यापुढे नाशिक येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दूरसंचार सेवेचे वाद ग्राहक आयोगात चालत नाहीत, असे काही कंपन्या सांगत असत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ते चालतात असा निर्वाळा दिला आहे. आपली भरलेली रक्कम ५ लाख रुपयांच्या आत असल्याने तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील असावाच असे नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. सेवा बंद असलेल्या दिवसांची तारीखवार नोंद, राऊटरवरच्या लाल दिव्याचे फोटो आणि पैसे भरल्याची पावती एवढे कागद आजपासूनच एका पाकिटात ठेवू लागावे.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीत भारतनेटची पेटी काही वर्षांपासून कपाटात बंद आहे. गावात स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका आहे, तिथल्या मुलांना डेटा परवडत नाही. ग्रामपंचायतीला काही करता येईल का? (ग्रामपंचायत सदस्य, येवला तालुका)

उत्तर : करता येईल, आणि या अंकातील सर्व पत्रांत सर्वाधिक लोकांच्या उपयोगाचे पत्र आपले आहे असे मला वाटते. देशातील सर्व ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, २०१५ पासून ती भारतनेट या नावाने ओळखली जाते. पहिल्या टप्प्यांत तार ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आली, पण पुढे ती चालवायची कोणी आणि तुटली तर जोडायची कोणी, हे नीट ठरले नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली की कार्यालयातला दिवा विझायचा आणि महिनोन्महिने विझलेलाच राहायचा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेटला मंजुरी दिली. त्यात एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा सुरू राहील अशी वर्तुळाकार जोडणी, देखभालीची दीर्घ जबाबदारी आणि गावातीलच उद्योजकामार्फत घरोघरी जोडण्या देऊन उत्पन्नाची वाटणी, या तरतुदी आहेत.

पहिले पाऊल म्हणून पेटी चालू होते का ते तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावे, आणि तार मृत असल्यास ग्रामसभेचा ठराव करून तो पंचायत समितीमार्फत बीएसएनएलच्या नाशिक कार्यालयाकडे, आणि आपले गाव राज्याच्या महानेट प्रकल्पात (भारतनेटचा राज्यातील भाग) येत असल्यास महाआयटी या राज्य सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कंपनीकडे पाठवावा. तोंडी विनंतीपेक्षा ठरावाची प्रत आणि पोच यांना वजन असते. जोडणी सुरू झाली की मळ्यातल्या आणि वस्त्यांवरच्या घरांपर्यंत ती नेण्यास तयार असणारा केबलचालक गावात किंवा शेजारच्या गावात बहुधा मिळतो, कारण मूळ तार गावात असल्यावर त्याचा खर्च बराच उतरतो. पाच-सात घरांनी एकत्र मागणी केली तर खांबांचा खर्चही वाटला जातो.

अभ्यासिकेसाठी ‘पीएम-वाणी’ ही डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली योजना पाहावी. तिच्यात किराणा दुकानदार, वाचनालय किंवा बचत गट कोणत्याही परवान्याशिवाय आणि शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवू शकतो आणि पाच-दहा रुपयांची डेटा पाकिटे विकू शकतो. सुरुवातीला अडचण अशी होती की, काही कंपन्या अशा केंद्रांकडून घरगुती दराऐवजी व्यावसायिक जोडणीचे अनेक पट पैसे मागत. ट्रायने १६ जून २०२५ च्या आदेशाने त्यावर मर्यादा घातली : २०० एमबीपीएसपर्यंतच्या फायबर जोडणीसाठी केंद्रचालकाकडून त्याच क्षमतेच्या घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येत नाही. अर्ज करताना या आदेशाची प्रत सोबत ठेवावी, आणि कंपनीच्या प्रतिनिधीने जास्त दर सांगितल्यास तो त्याच्याकडून लेखी मागावा.